मशेरी सोडताना: निकोटिन गम, हेल्पलाइन आणि पालिकेचं आरोग्य केंद्र, कशाचा किती उपयोग

ठाण्यातलं वागळे इस्टेट असो, कळवा असो, की नवी मुंबईतलं दिघा, तुर्भे, कोपरखैरणे. मेडिकलच्या काउंटरवर तंबाखूची तलफ शमवणाऱ्या निकोटिन गमची पट्टी हमखास दिसते. २ मिलीग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलीग्रॅमच्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. जाहिरातीतलं गिऱ्हाईक मात्र ठरलेलं: सिगारेट सोडायला निघालेला पुरुष.

महाराष्ट्रातल्या बाईचा तंबाखू धुराचा नाहीच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या १७ टक्के प्रौढ स्त्रिया तंबाखू वापरत होत्या. तोंडात ठेवणाऱ्या, चघळणाऱ्या किंवा दातांना लावणाऱ्या १६.६ टक्के, ओढणाऱ्या फक्त १.४ टक्के. पालिकेच्या केंद्रात केस पेपर काढून बाकड्यावर बसलेल्या बायकांपैकी कुणाकडे हा तंबाखू मशेरीच्या डबीत असतो, कुणाच्या पानात, कुणाच्या तळहातावर चुन्याबरोबर मळलेला, आणि उत्तर भारतातून आलेल्या घरांत गुलच्या, म्हणजे तंबाखूच्या मंजनाच्या, डबीत. मग सिगारेटसाठी बेतलेली गोळी मशेरीवाल्या बाईला कितपत लागू पडते? आणि तिच्याच जोडीला फुकट मिळणाऱ्या दोन गोष्टी, १८००-११-२३५६ ही हेल्पलाइन आणि घराजवळचं नागरी आरोग्य केंद्र, यांचं काय?

निकाल आधीच सांगून टाकू. पहिला नंबर केंद्रातल्या नीट वापरलेल्या दहा मिनिटांचा, दुसरा फोनचा, तिसरा गमचा. पैसे फक्त तिसऱ्यालाच पडतात, आणि बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात.

गम: वस्तू चांगली, वापर चुकतो

मशेरीतलं निकोटिन हिरड्या आणि गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जातं. गमचंही तसंच. मार्ग एकच असल्यामुळे ही गोळी मशेरीवालीला तत्त्वतः जुळायला हवी. फरक दोन. गमचं निकोटिन सावकाश चढतं, पूर्ण परिणामाला वीस ते तीस मिनिटं जातात, आणि २ मिलीग्रॅमच्या गोळीतून प्रत्यक्षात साधारण निम्मंच अंगी लागतं. त्यामुळे मशेरीसारखी ‘लागत’ नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. दुसरा फरक महत्त्वाचा: गममध्ये तंबाखूचं पान नाही, म्हणून त्यातली कॅन्सरकारक नायट्रोसामाइन्सही नाहीत. तव्यावर काळी होईस्तोवर भाजली की मशेरी ‘निर्धोक’ होते, हा समज पार उलटा आहे. भाजल्यानं जळक्या पदार्थांमधली घातक रसायनं त्यात वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं धूरविरहित तंबाखूला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, टाकलेलं आहे. सुपारीही त्याच गटात आहे, तंबाखू नसला तरी. म्हणजे मशेरी सोडून ‘नुसती सुपारी’ धरणं हा काही मार्ग नव्हे.

आता वापर. गोळी तोंडात टाकून पाच-सहा वेळा सावकाश चावायची. तिखट किंवा झिणझिण्यांसारखी चव आली की चावणं थांबवायचं आणि गोळी गाल व हिरडीच्या मधे सरकवून ठेवायची. मिनिटभरात चव विरते, मग पुन्हा दोन-चार वेळा चावायची आणि यावेळी दुसऱ्या गालात ठेवायची. असं अर्धा तास. तंबाखूचा बार गालात धरायची सवय असलेल्या बाईला हे एका वाक्यात कळतं: बार धरतेस तशी धर, फक्त मधूनमधून चाव. ज्यांनी फक्त मशेरी लावलेली आहे त्यांना एकदा करून दाखवावं लागतं.

दुकानदार हे सांगत नाही. गोळी साध्या च्युइंगमसारखी भराभर चघळली जाते, निकोटिन लाळेत उतरतं आणि लाळ गिळली जाते. गिळलेलं निकोटिन यकृतात बरंचसं मोडतं, त्यामुळे तलफ शमत नाहीच. वर उचकी, छातीत जळजळ, मळमळ. दोन दिवसांत निष्कर्ष निघतो, ‘गोळी मानवली नाही’. मानवली नाही असं नसतं, चावली जास्त गेलेली असते. उचकी लागली तर गोळी फेकून द्यायची नाही, चावण्याचा वेग निम्मा करायचा.

दुसरी चूक चहाची. तोंड आंबट असताना निकोटिन अस्तरातून आत शिरत नाही. गमच्या गोळीत आम्लता मारणारा क्षार घातलेला असतो तो त्यासाठीच. चहा, कॉफी, ताक, लिंबू सरबत, कोकम, कोल्ड्रिंक यानंतर पंधरा मिनिटं थांबून, पाण्यानं चूळ भरून मगच गोळी, आणि गोळी तोंडात असताना यातलं काहीच नाही. मशेरीवालीचा क्रम असतो उठणं, मशेरी, चहा. मशेरीच्या जागी गोळी बसवली आणि तिच्यावर लगेच चहा घेतला, तर त्या गोळीचे पैसे मोरीत गेले. क्रम असा लावावा: उठल्यावर चूळ, गोळी अर्धा तास, मग ब्रश, मग चहा.

तिसरी अडचण दातांची. वर्षानुवर्षं मशेरी लावलेल्या बाईच्या हिरड्या मागे सरकलेल्या असतात, दातांची मुळं उघडी पडलेली, एखादी दाढ हललेली, एखादी गेलेली. कवळी असेल तर गोळी तिला चिकटते. जबड्याचा सांधा दुखत असेल, तोंड पुरतं उघडत नसेल, तर गम हा मार्गच नाही. अशांना न चावता चोखायची लॉझेंज किंवा त्वचेला लावायची पट्टी बरी. पट्टी २१, १४ आणि ७ मिलीग्रॅममध्ये येते, ती डॉक्टरांनी ठरवून द्यायची गोष्ट आहे. आपल्याकडच्या दमट हवेत ती घामानं सुटते. कोरड्या, केस नसलेल्या जागी, दंडाच्या वरच्या भागावर, तेल-पावडर न लावता हातानं दहा सेकंद दाबून बसवायची आणि जागा रोज बदलायची.

किती मिलीग्रॅमची? इथे नेहमीचा नियम गंडतो

गमचा सर्वमान्य नियम असा: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला तंबाखू लागत असेल तर ४ मिलीग्रॅम, नाहीतर २. सिगारेटवाल्याला हा नियम चपखल बसतो. मशेरीवालीला नाही. कारण मशेरी हे तिचं दात घासणं आहे. दिवसातून एकदाच लावणारी बाईसुद्धा उठल्या उठल्याच लावणार. नियम जसाच्या तसा लावला तर एकवेळवाली आणि आठवेळवाली दोघींच्या हातात ४ मिलीग्रॅमची चिठ्ठी पडेल. एकवेळवालीला त्यानं गरगरतं आणि ती दोन्ही सोडते: गोळीही आणि मशेरी सोडायचा विचारही.

म्हणून विचारायचं ते वेगळं. दिवसातून किती वेळा? एकदा लावली की किती वेळ तोंडात? पाणी थुंकते की गिळते? ताप असताना, उपवासालाही लागते का? रात्री उठून लावते का? घरची डबी किती दिवस पुरते? ढोबळमानानं आमचं मत असं. सकाळी एकदाच लावणारीला बहुधा गमची गरज नाही, तिला ब्रश, पेस्ट आणि पहिले दहा दिवस कुणीतरी चौकशी करणारं माणूस हवं. तीन-चार वेळा लावणारीला २ मिलीग्रॅम, घड्याळ लावून. त्याहून जास्त, किंवा जोडीला पान-तंबाखू असेल, तर केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवून ४ मिलीग्रॅमचा विचार.

घड्याळ लावून म्हणजे काय, तर पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. बारा आठवड्यांत बंद. तलफ आल्यावरच घ्यायची असं केलं तर गोळी चढेपर्यंत वीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात डबी उघडलेली असते. पाकिटावर लिहिलेली दिवसाची कमाल संख्या ओलांडू नये. अठरा वर्षांखाली, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असताना किंवा पोटात व्रण असताना डॉक्टरांशिवाय घेऊ नये.

आता पैशाचं. एक गोळी दहा रुपयांच्या आतबाहेर पडते. दिवसाला आठ धरल्या तर ऐंशी रुपये, सहा आठवड्यांचे तेहतीसशेच्या पुढे. घरी भाजलेली मशेरी त्यापुढे जवळजवळ फुकट. घरकाम करणाऱ्या, कंत्राटावर साफसफाई करणाऱ्या बाईला हा हिशेब झेपत नाही, मग ती दोन गोळ्यांत दिवस काढते, तलफ राहते, मशेरी परत सुरू होते आणि दोष गोळीला जातो. निकोटिनचे हे पर्याय २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आलेले आहेत, त्यामुळे केंद्राच्या औषध खिडकीवर विचारायला संकोच नको. आठ गोळ्या परवडत नसतील तर दोन गोळ्यांचा अर्धवट प्रयोग करण्यापेक्षा गम बाजूला ठेवून पुढच्या दोन गोष्टींवर जोर देणं जास्त शहाणपणाचं.

हे नुसतं समजुतीखातर म्हटलेलं नाही. गमच्या उपयोगाचे भक्कम पुरावे सिगारेट सोडणाऱ्यांमधले आहेत. धूरविरहित तंबाखूच्या बाबतीत गमचा पुरावा कच्चा आहे, लॉझेंजचा थोडा बरा, आणि समुपदेशन, फोनवरचा पाठपुरावा, तोंड तपासून दाखवणं यांचा उपयोग दिसलेला आहे.

चवींबद्दल एकच. पानाच्या चवीचा गम पान सोडणाऱ्या बाईला देऊ नये, पुदिना बरा.

आरोग्य केंद्र: प्रश्न बरोबर विचारला तर सगळ्यात भारी

केंद्रात कसलीही फी नाही, बाई तिथे येतच असते: गरोदरपणाच्या तपासणीला, बाळाच्या लशीला, बीपी-शुगरच्या गोळ्यांना. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे आणि त्यासाठी आशाताई घरी येऊन एक तक्ता भरतात. गळती इथेच लागते. तक्त्यात धूम्रपान आणि गुटखा-खैनीबद्दल विचारलेलं असतं. मशेरीवाली बाई खरेपणानं ‘नाही’ सांगते, कारण तिच्या लेखी ती तंबाखू खातच नाही. शून्य गुण, पान उलटलं.

चांगल्या केंद्राची परीक्षा म्हणूनच एका प्रश्नात होते. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की काम गेलं. ‘मावशी, सकाळी दात कशानं घासता?’ असं विचारलं तर उत्तर सरळ येतं, त्यात लाजण्यासारखं काही नसतं. पुढचा प्रश्न, ‘आणि दिवसभरात परत कधी?’ त्यालाही सरळच उत्तर मिळतं. सासूबाई किंवा नवरा शेजारी असताना हे विचारू नये. वजन करायला आत नेलं की तिथे विचारावं. कित्येक घरांत मशेरी सासूनंच दिलेली असते, दाढ दुखते म्हणून किंवा पहिल्या खेपेला उलट्या थांबाव्यात म्हणून.

मग टॉर्च आणि आरसा. ज्या जागी मशेरी लावली जाते, खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या कडेला, गालाच्या खोबणीत, तिथे पांढरा किंवा लाल चट्टा, खडबडीतपणा, दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला व्रण दिसतो का ते पाहायचं. तिचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का ते बघायचं; जात नसतील आणि तिखट झोंबत असेल तर सुपारीनं अस्तर आखडायला लागलेलं असू शकतं. दिसलेला चट्टा बाईला आरशात दाखवायचा. भिंतीवरच्या पोस्टरमधलं तोंड तिला परकं वाटतं, आरशातलं तिचं स्वतःचं असतं. आमच्या मते या सगळ्या सेवेतला सर्वात मोलाचा मिनिट हाच, आणि गर्दीच्या ओपीडीत पहिल्यांदा कापला जातो तोही हाच.

चट्टा किंवा न भरणारा व्रण असेल तर पुढे पाठवायलाच हवं. पालिका रुग्णालयाचा दंत किंवा कान-नाक-घसा विभाग हा पहिला टप्पा. नेरूळ-खारघर पट्ट्यात दंत महाविद्यालयं आहेत, तिथली ओपीडी खासगी दवाखान्यापेक्षा बरीच स्वस्त असते आणि दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्र असणं अपेक्षित आहे, तेव्हा दात दाखवताना त्याचीही चौकशी करावी. कॅन्सरची शंका पक्की झाली तर टाटा मेमोरियलचं खारघरचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र नवी मुंबईकरांना जवळ पडतं.

त्यानंतरची पायरी म्हणजे तारीख. ‘सोडून द्या हो’ हा सल्ला नव्हे. येत्या दोन आठवड्यांतला एक दिवस ठरवायचा, सण, लग्न, गावची जत्रा टाळून, आणि तो केस पेपरवर लिहायचा. तोवर सोपी वेळ आधी कापायची: दुपारची, मग संध्याकाळची, सकाळची सर्वात शेवटी. नवा तंबाखू भाजायचा नाही. डबी संपली की संपली; उरली तर शेजारणीला द्यायची नाही, संडासात ओतायची.

पाठपुराव्यात बहुतेक केंद्रं ढिली पडतात, कारण त्यासाठी वेगळा दिवस शोधला जातो. वेगळ्या दिवसाची गरजच नाही. गरोदर बाई दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या सुरक्षित मातृत्व तपासणीला येऊ शकते. बाळंतपणानंतर बाळाच्या लशीच्या तारखा आहेत: सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने. माता-बाल संरक्षण कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘म’ लिहून ठेवला तरी पुढच्या सिस्टरला विचारायचं कळतं. हे बाळंतपणानंतर जास्त गरजेचं, कारण पोटुशी असताना सोडलेली मशेरी बऱ्याचदा माहेरी, रात्रीच्या जागरणात परत सुरू होते. आईच्या दुधातूनही निकोटिन बाळाला जातं.

गरोदरपणात

इथे गम स्वतःहून विकत घेऊ नये. आधी समुपदेशन आणि ब्रश. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर धोका-फायदा तोलून ठरवतील. ‘एवढ्याशा मशेरीनं काय होतं’ याला मुंबईतच झालेल्या अभ्यासानं उत्तर दिलेलं आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, १,२१७ गरोदर स्त्रियांच्या या पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. त्याच पाहणीच्या पुढच्या निष्कर्षांत मृत बाळ जन्मण्याचा धोकाही अडीच पटींपेक्षा जास्त दिसला. त्या बायकांमध्ये मशेरीचंच प्रमाण मोठं होतं. हे आकडे घाबरवायला सांगू नयेत, पण लपवूही नयेत.

गरोदरपणातली एक साखळी नजरेतून सुटते. लोहाच्या गोळ्या सुरू होतात, त्यांनी शौचाला घट्ट होतं, आणि ‘पोट साफ व्हायला’ म्हणून मशेरी वाढते. मशेरीनं भूक मरते, जेवण घटतं, रक्त वाढत नाही, म्हणून गोळ्या चालूच. लोहाची गोळी बंद करणं हा उपाय नाही. ती जेवणानंतर तासाभरानं, चहा टाळून घ्यायची आणि पोटाचा बंदोबस्त वेगळा करायचा.

पहिल्या पंधरा दिवसांत काय बिघडतं

निकोटिन आतड्याला चालना देतं, ते थांबलं की शौचाला होत नाही. मशेरीवालीच्या दृष्टीनं ही सगळ्यात मोठी तक्रार, चिडचिडीपेक्षाही मोठी, आणि सल्ला देणाऱ्याच्या यादीत मात्र ती नसतेच. सोडण्याच्या तारखेआधीच तयारी हवी: उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, ठरावीक वेळेला जाऊन बसणं, जेवणात पालेभाजी, पपई, पेरू, भाकरी, आणि रात्री एक-दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो हे आधी सांगितलेलं असेल तर बाई टिकते.

दुसरी तक्रार दातांची. मशेरीनं बधिर राहणारी ठणक उघडी पडते आणि ‘मशेरी सोडली म्हणून दात दुखायला लागले’ असं वाटतं. दुखणं जुनंच असतं. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं. थंड-गरम झणझणत असेल तर पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट दिवसातून दोनदा, तिचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात. किडलेली दाढ मात्र पेस्टनं बरी होत नाही, ती दाखवावीच लागते. बोटानं घासायची सवय मोडत नसेल तर सुरुवातीला पेस्ट बोटानं लावली तरी चालेल. सुटं काळं किंवा लाल मंजन मात्र नको. टूथपेस्ट-टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घटक न छापलेल्या पुडीत काय आहे हे कोण सांगणार?

चिडचिड, डोकं जड होणं, झोप मोडणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं आणि दोन ते चार आठवड्यांत उतरतं. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ लवंग, बडीशेप, घोटभर पाणी आणि हाताला काम. घरात दुसऱ्या कुणाची डबी मोरीच्या फळीवर असेल तर ती तिथून हलवा. इच्छाशक्तीपेक्षा हे जास्त उपयोगी.

हेल्पलाइन १८००-११-२३५६

राष्ट्रीय तंबाखू सोडण्याची ही फोनसेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलसह आणखी केंद्रं जोडली गेली. फोन फुकट, वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. सुरुवातीलाच मराठीत बोलायचं आहे असं सांगावं. समुपदेशक सवयीची चौकशी करतात, सोडण्याची तारीख ठरवायला लावतात आणि पुढे स्वतःहून फोन करतात. ही सेवा गमपेक्षा वर ठेवली ती या परतीच्या फोनमुळे.

उणीव पोहोचण्याची आहे. २०१८ च्या सप्टेंबरपासून हा नंबर तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणं सक्तीचं आहे. पण पान आणून तव्यावर भाजणाऱ्या किंवा सुटी पुडी घेणाऱ्या बाईच्या हातात पाकीटच येत नाही. जिला सर्वात जास्त गरज तिलाच नंबर दिसत नाही. केंद्रानं तो केस पेपरवर शिक्का मारून द्यावा, एवढी साधी गोष्ट आहे.

दुसरी अडचण फोन कुणाचा ही. घरात एकच मोबाइल असेल आणि तो दिवसभर नवऱ्याबरोबर रबाळे एमआयडीसीत असेल, तर परतीचा फोन त्याच्याकडे जाणार. नंबर देताना स्वतःच्या मोकळ्या वेळेचा, उदाहरणार्थ दुपारी दोन ते चारचा, आणि विश्वासातल्या बाईच्या फोनचा द्यावा. बोलण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवल्या की फोन लांबत नाही: दिवसातून किती वेळा, किती वर्षं, गरोदर आहे की अंगावर पाजते. शेवटची गोष्ट विचारली नाही तरी सांगायची. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मेसेज येण्याचीही सोय आहे. ज्यांना वाचता येतं आणि ज्यांचा मोबाइल स्वतःचा आहे त्यांच्यापुरती ती ठीक.

गुण द्यायचेच तर

आरशासकट तपासणी करणारं आणि लशीच्या तारखेला पुन्हा विचारणारं केंद्र पाचपैकी साडेचार. तोंडी ‘तंबाखू खाता का’ विचारून पान उलटणारं केंद्र एक, तेही फुकट आहे म्हणून. हेल्पलाइन साडेतीन, मराठीतलं बोलणं आणि परतीचा फोन यासाठी, अर्धा गुण सोमवारच्या सुट्टीनं खाल्ला. गम अडीच, दिवसातून अनेकदा लावणाऱ्या, दात शाबूत असलेल्या आणि बारा आठवड्यांचा खर्च झेपणाऱ्या बाईसाठी साडेतीन. बुप्रोपियॉन, व्हॅरेनिक्लिन या तंबाखू सोडायच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीच्या आहेत, त्यांना इथे गुण देण्यात अर्थ नाही.

गम घरात आणलाच तर तो मशेरीच्या जुन्या जागी, मोरीच्या फळीवर ठेवू नका. पुदिन्याच्या वासाची गोळी लहान मुलाला चॉकलेट वाटते आणि त्यातलं निकोटिन मुलाला विषारी ठरू शकतं. गमची पट्टी उंचावरच्या बंद डब्यात ठेवायची. चघळून झालेल्या गोळीतही निकोटिन उरतं, ती कागदात गुंडाळून झाकणाच्या कचरापेटीत टाकायची. मुलानं गोळी चघळली किंवा गिळली आणि उलटी, लाळ गळणं किंवा गुंगी दिसली तर घरगुती उपाय न करता गमची पट्टी हातात घेऊन थेट रुग्णालय गाठायचं.